लाल दोऱ्याचं पुरणयंत्र

"सही इथं करायची, वहिनी," भरतेशभाऊजी म्हणाले आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं. बोटाखाली पेन्सिलीची फुली आधीच मारलेली होती.

ती फुली बघितली आणि माझं डोकं सटकलं. म्हणजे मी सही करणार हे यांनी घरूनच ठरवून आणलं होतं तर. मी पेन बाजूला सारलं, चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसले. मला कुणी घाई केली की मी चष्मा पुसते.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची आहे. जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पुरणयंत्रांचा कारखाना होता. मगदूमांचं पद्मा पुरणयंत्र, सासूबाईंच्या नावाचं. सासऱ्यांनी काढलेला, माझ्या नवऱ्यानं वाढवलेला. नवरा गेल्यावर निम्मी भागी माझ्या नावावर आली, निम्मी धाकट्या दिरांची, म्हणजे भरतेशभाऊजींची. कामाला अठरा माणसं. आम्हा दोघांच्या सह्या असल्याशिवाय कुठलाही करार होत नव्हता, म्हणून तर ती फुली.

करार चीनमधल्या एका कारखान्याशी होता. आपण नमुना पाठवायचा, यंत्रं ते बनवणार, बोटीनं मुंबईला येणार, आपण इथं खोक्यात भरून पद्मा म्हणून विकायची. भाऊजींनी सगळं समजावून सांगितलं. आपल्याला नुसतं ॲल्युमिनियम ज्या भावात पडतं, त्यापेक्षा कमी भावात त्यांचं अख्खं यंत्र दारात येतंय. मुंबईचा आपला मोठा व्यापारी म्हणतोय, तुम्ही आणा नाहीतर मी परस्पर आणतो. मग दिवाळीनंतर आपण आपोआपच बंद पडू. त्यापेक्षा निदान नाव तरी राहील.

बोलणं बिनतोड होतं. म्हणूनच मला पटेना. आता माझा स्वभाव संशयी आहे असं सगळं गाव म्हणतं. म्हणू दे. भाजीवालीनं आपणहून जुडी मोठी दिली तर मी ती उलगडून आत बघते. नवरा होता तोवर तो हसण्यावारी न्यायचा. तो गेल्यावर चार वर्षं मी कारखान्यात बसले ते याच स्वभावाच्या जोरावर, असं माझं मत होतं.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"चौघं राहतील. खोकी भरायला."

"दौलतमामा?"

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या कारखान्याची भिंत होती.

दौलत लोहार आमचे हेडमिस्त्री. एकतीस वर्षं आमच्याकडं. सासऱ्यांनी त्यांना उदगावहून आणलं, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. माझ्या नवऱ्याला कानस धरायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळं घरात सगळे त्यांना मामा म्हणायचे. बोलायला कमी, कामाला पक्के. त्यांना खोकी भरायला बसवणार? मी म्हटलं, असं होणार नाही.

मग आमची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, स्वस्त आहे ते कळलं, पण त्यात पुरण निघतं का? ते म्हणाले, निघतं. मी म्हटलं, तुम्ही कधी पुरण वाटलंय का? शेवटी मीच तोडगा काढला. दोन यंत्रं शेजारीशेजारी ठेवायची. एक आपलं, एक त्यांचं. कुठलं कुणाचं हे कुणालाही सांगायचं नाही. गावातल्या पाच सुगरणी बोलवायच्या आणि दोन्हीतून पुरण काढायला लावायचं. त्यांनी आपलं निवडलं तर करार फाडून टाकायचा आणि कारखाना कसा चालवायचा ते दोघांनी मिळून बघायचं. त्यांचं निवडलं तर मी मुकाट्यानं फुलीवर सही करीन.

भाऊजी म्हणाले, "चालेल. पण वहिनी, निकाल लागल्यावर मग शंका काढायची नाही."

मी म्हटलं, नाही काढणार. आणि लगेच मनात आलं, हे इतक्या पटकन तयार कसे झाले? कुठंतरी पाणी मुरतंय.

म्हणून मी पक्का बंदोबस्त केला. चीनहून येणारा नमुना भाऊजींच्या हाताला लागू द्यायचा नाही. पार्सल थेट उपाध्ये वकिलांकडं यायचं, आमचा नगही त्यांच्याकडंच पोचवायचा. वकील म्हातारे, सरळ माणूस, दोन्ही घरांचे. दोन्ही यंत्रांवर नाव नसेल, मूठ सारखी असेल. वकील एकाच्या मुठीला लाल दोरा बांधतील, दुसऱ्याच्या पिवळा. कुठला दोरा कुणाचा ते चिठ्ठीत लिहून पाकीट बंद करतील. मग दोन्ही यंत्रं माझ्या घरी येतील, कारण डाळ माझ्याच घरी शिजणार होती.

दौलतमामांना बोलावून मी सांगितलं, "मामा, रोजच्या मालातला एक नग द्या. उगाच नखरे नकोत. नाहीतर भाऊजी म्हणतील, मुद्दाम सजवून दिला."

"बरं," मामा म्हणाले. एवढंच.

नमुना यायला महिनाभर लागणार होता. तो महिना मी कसा काढला माझं मला माहीत. डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि जे दिसत होतं त्यानं जीव थाऱ्यावर राहत नव्हता. भाऊजी फोन आला की उठून कारखान्याच्या गच्चीवर जायचे. आधी कधी जात नव्हते. मी जिन्यात उभी राहिले एकदा. "तिघांचं तरी बघा," एवढंच ऐकू आलं आणि वर पावलं वाजली तशी मी खाली पळाले. तिघांचं काय बघा? वाटे पडत होते की काय? चीनवाल्यांकडून यांना काय मिळणार आहे, हा विचार माझ्या डोक्यात आधीपासून होताच. आता तो हटेना.

मग एका दुपारी मी बँकेतून येताना रिक्षातून बघितलं तर भाऊजी आणि दौलतमामा स्टेशनरोडच्या चहाच्या गाड्यावर. मालक आणि मिस्त्री कारखान्यात बोलतात, त्यांना स्टेशनरोडला जायचं कारण काय? भाऊजी पुढं वाकून काहीतरी सांगत होते आणि मामा मान हलवत होते. मी रिक्षा थांबवली नाही. भाऊजींचं समजू शकत होते. पण मामा?

दुसऱ्या दिवसापासून मामा रजेवर. पाच दिवस. एकतीस वर्षांत या माणसानं बायकोच्या आजारपणातसुद्धा सलग पाच दिवस घेतले नव्हते. मी हत्यारांचं कपाट उघडायला लावलं, तर बारीक कानशींचा अख्खा संच गायब. कुणी नेला? मामांनी. कुणाला विचारून? धाकट्या मालकांना.

मामा परत आले तेव्हा मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बरं नव्हतं का, असं गोड बोलून विचारलं. ते म्हणाले, घरी काम हुतं. कसलं काम? ते खाली बघत म्हणाले, "हुतं जरा, वहिनी." त्यांच्या बोटांना पट्ट्या होत्या. मी त्याही बघितल्या आणि मनात म्हटलं, दुसरीकडं कुठंतरी काम धरलेलं दिसतंय. भाऊजींनीच लावून दिलं असणार. म्हणजे आमचा नग मुद्दाम वाईट करून द्यायचा आणि बदल्यात मामांची सोय. इतका सरळ हिशेब मला आधी कसा दिसला नाही, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

कुणाजवळ बोलणार? मुलगी पुण्याला. तिला फोन केला तर म्हणाली, आई, तुला मामांवर पण संशय यायला लागला का? मी फोन ठेवून दिला.

शेवटी तो दिवस आला. म्हणजे आदला दिवस. उपाध्ये वकिलांचा माणूस दुपारी तीनच्या सुमाराला दोन खोकी घेऊन आला. मी ती स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली, दार लावून घेतलं आणि दोन्ही यंत्रं बाहेर काढली.

पुरणयंत्र ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पातेल्यासारखं भांडं असतं, त्याच्या तळाला जाळी. वरती मूठ फिरवली की आतलं तिरकं पातं जाळीवरून फिरतं आणि शिजलेली डाळ दाबून खाली सोडतं. पातं जाळीला घट्ट टेकलेलं पाहिजे, म्हणून एक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगखाली एक पातळ चकती, वायसर. बस, एवढंच. पण सगळा जीव त्या जाळीत असतो. जाळीत दोनशेचाळीस भोकं. भोक पाडलं की खालच्या अंगाला पत्र्याची बारीक कड उभी राहते. तिला कारखान्यात बर म्हणतात. ती घासून काढावी लागते. आमच्याकडं जाळीवरून दोनदा कानस फिरवायचे आणि नग पुढं सरकवायचे. थोडी बर राहायचीच. बोट फिरवलं की खरखर लागायची. मी चार वर्षं ती खरखर बघत होते, नवऱ्याच्या वेळेपासून ती तशीच होती.

पिवळ्या दोऱ्याचं यंत्र मी आधी उलटं केलं. जाळीखालून बोट फिरवलं. खरखर. आपलीच. अगदी डोळे मिटून सांगितली असती.

मग लाल दोऱ्याचं उचललं. बोट फिरवलं आणि मी दचकले. गुळगुळीत. एकेक भोक आतून फिरवून साफ केलेलं, बाहेरून कड मोडलेली. खिडकीच्या उजेडात धरलं तर दोनशेचाळीस भोकं सारखी चमकत होती. पातं जाळीच्या खोलगटपणाला असं बसलेलं की कागद आत जाणार नाही. मूठ फिरवली, आवाजसुद्धा नाही.

मी स्टुलावर बसले. हे यंत्र उद्या जिंकणार यात शंका नव्हती. कुठलीही बाई एकदा मूठ फिरवेल आणि पिवळ्याकडं परत बघणार नाही. अठरा माणसांचं काम त्या गुळगुळीत जाळीतून खाली जाणार.

आणि मग माझ्या लक्षात आलं. अहो, असला नग रोजच्या मालात कधी येतो का? लाखोंनी माल काढणारा कारखाना एकेक भोक हातानं साफ करत बसेल? हा खास दाखवायला बनवलाय. कुणीतरी चारपाच दिवस जीव ओतून हा एकच नग केलाय आणि करार झाला की मग येणार तो खरखरीत माल. ही सरळ फसवणूक आहे. भाऊजींना हे माहीत असणारच, म्हणून तर ते इतक्या पटकन तयार झाले. समोरचा जर असा खेळत असेल, तर मी कुठवर नियम पाळत बसायचं?

मी असा विचार केला. अक्षरन् अक्षर आठवतंय मला.

खणातून नवऱ्याचा पाना काढला. लाल दोऱ्याच्या यंत्राचा नट सोडवला, स्प्रिंग वर घेतली आणि खालचा वायसर काढून घेतला. परत सगळं होतं तसं बसवलं. बाहेरून काही कळत नव्हतं. रिकामी मूठ फिरवली तरी कळलं नसतं. पण डाळ पडली की पातं उचललं जाणार आणि सगळा गोळा जाळीवर साचणार. वायसर मी मोरीच्या खिडकीतून मागच्या गटारात टाकला. हात धुतले. चहा केला. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी छान झोप लागली. महिनाभरात पहिल्यांदाच.

सकाळी नऊला पाच जणी आल्या. सगळ्यांत जुनी सरलाकाकी, होळीला शंभरशंभर पोळ्यांच्या ऑर्डरी घेणारी. बाकीच्या चौघी तिच्या तोडीच्या. उपाध्ये वकील पाकीट घेऊन खुर्चीत बसले. भाऊजी खिडकीशी. दौलतमामा दारात, चपला बाहेर काढून, उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते. मीच बळेबळे आत बोलावलं. मनात म्हटलं, समोर असू दे, बघू चेहरा.

डाळ गूळ घालून शिजवून तयार होती, वाफा येत होत्या. सरलाकाकीनं पदर खोचला आणि पहिलं पिवळं घेतलं. दोन पळ्या डाळ घातली, मूठ फिरवली. पुरण सरसर खाली आलं. जरा हाताला जड जातंय म्हणाली, पण मऊ निघालंय. मग लाल घेतलं. मूठ फिरवली. तीनचार फेरे झाले तरी खाली काही येईना. तिनं जोर लावला. कडेनं थोडी थोडी भरड डाळ निघाली, बाकी सगळी पात्याबरोबर गोल गोल फिरत राहिली. तिनं मूठ सोडून हात झटकला.

"दिसायला किती छान आहे गं," ती म्हणाली, "आणि काम काही नाही."

मला हसू आवरत नव्हतं. मी वाकून ताटं उचलायचं निमित्त केलं. मग दारात नजर गेली, तर दौलतमामांचा चेहरा पांढराफटक पडलेला. ओठ हलत होते. बघा, म्हटलं. चीनचं यंत्र फसलं तर आमच्या मिस्त्रीला एवढा धक्का बसायचं कारण काय? माझा महिनाभराचा संशय तिथं असा डोळ्यांसमोर खरा ठरला. मला वाईटही वाटलं, पण खरं ठरल्याचं समाधान त्याहून मोठं होतं.

बाकीच्या चौघींचं तेच झालं. एकीनं तर अर्ध्यातच लाल यंत्र बाजूला ठेवलं. वकिलांनी एकेकीला विचारलं आणि पाचही जणींनी पिवळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. भाऊजी खिडकीशी तसेच उभे होते. मी खुर्ची ओढून ताठ बसले.

वकिलांनी पाकीट फाडलं, चिठ्ठी लांब धरून वाचली. त्यांना जवळचं कमी दिसायचं.

"पिवळा दोरा, परदेशचा नमुना," ते म्हणाले. "लाल दोरा, मगदूमांचा."

मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मी चिठ्ठी हातातून ओढून घेतली. ठळक अक्षरात तेच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, दोरे बांधताना अदलाबदल झाली असेल, पिवळ्याची जाळी आपली आहे, तिला आपली बर आहे, मी ओळखते. बोलून गेले आणि जीभ चावली, पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

"आपली बर असणारच," भाऊजी थकल्यासारखे म्हणाले. "आपणच जाळी पाठवली होती ना नमुना म्हणून. त्यांनी जशीच्या तशी उतरवली. बरीसकट."

"आणि हे लाल?"

तेव्हा दौलतमामा पुढं आले. ओट्याशी उभे राहिले आणि लाल दोऱ्याच्या यंत्रावर त्यांनी हात ठेवला. बोटांवरच्या पट्ट्या आता निघाल्या होत्या, खाली बारीक व्रण दिसत होते.

"माझा हाय," ते म्हणाले. "पाच दिस घरी बसून केला. भाऊंनी सांगितलं हुतं, मामा, असा नग करा की जगात कुणाला जमणार न्हाई. आपली एवढीच संधी हाय म्हनले."

मी भाऊजींकडं बघितलं.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. "रजा पण मीच दिली. वहिनी, मला कारखाना बंद करायची हौस नव्हती. म्हटलं, होऊ दे एकदा खरी परीक्षा, आपण हरलो तर मनाला चुटपुट नको. तुम्हाला नाही सांगितलं, कारण तुम्ही म्हणाला असता यात काहीतरी डाव आहे."

आणि मग खिशातून त्यांनी एक कागद काढला. अकरा नावं होती. शिरोलीच्या, इचलकरंजीच्या कारखान्यांत कुणाला कुठं जागा मिळेल ते लिहिलेलं. गच्चीवरचे फोन ते होते. म्हणाले, हे वापरावं लागू नये असं वाटत होतं.

पाच दिवस. एकेक भोक. कुणीतरी जीव ओतून केलाय, हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त तो कुणीतरी आमच्यातला असेल, हे एकदाही, क्षणभरसुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं. आपल्याकडच्या मालाला खरखर असायचीच, हे मी धरूनच चालले होते. भाऊजींनी नमुना मागवला तरी त्यांनी मामांच्या हातावर भरवसा ठेवला होता. मी कारखाना वाचवायला निघाले होते आणि माझा तेवढाही नव्हता.

तोवर मामांनी पाना मागून घेतला होता. तोच, खणातला. त्यांनी नट सोडवला, स्प्रिंग काढली आणि आत बघितलं. बोट घालून चाचपलं. यंत्र उलटं करून हलवलं. परत चाचपलं.

"वायसर न्हाई," ते म्हणाले.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. चार शब्द पुरले असते. वायसर घातला असता, डाळ अजून गरम होती, पाचही जणी समोर होत्या. पुन्हा एकदा मूठ फिरवली असती तर अठरा माणसं वाचली असती. हे मला तेव्हाही कळत होतं, उगाच नंतर सुचलं असं म्हणणार नाही. पण सरलाकाकी बघत होती, वकील बघत होते, आणि भाऊजी, ज्यांना मी महिनाभर मनातल्या मनात चोर ठरवलं होतं, ते बघत होते. मी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागले.

भाऊजी म्हणाले, "मग घालून परत बघू या की. एका वायसरचा तर प्रश्न आहे."

मी मान वर केली. एवढं जरी झालं असतं. पण मामांनीच मान हलवली.

"न्हाई भाऊ. माझ्या हातनं राहिला. एकतीस वर्सांत कधी राहिला न्हाई आन् आज राहिला. ज्या नगावर अठरा घरं टांगल्याली, त्यातच राहिला." ते स्वतःच्या हातांकडं बघत होते. "आता पुन्हा घालून जितलं तर ती परीक्षा कसली? तुमी ठरल्याप्रमानं करा. हे हातच गेलं आता."

आणि ते माझ्यासमोर आले, हात जोडले. चोपन्न वर्षांचा माणूस, ज्यानं माझ्या नवऱ्याला शिकवलं. म्हणाले, "चुकी झाली, वहिनी. माफ करा."

"असू दे, मामा," मी म्हटलं. "होतं असं कधीकधी."

दुपारी मी फुलीवर सही केली. दोन महिन्यांत कारखान्याची भट्टी थंड झाली. भाऊजींनी ठरवल्याप्रमाणं अकरा जणांची सोय लावली, चौघं खोकी भरायला राहिले. बाकीच्या दोघांनी आपापलं बघितलं. मामांना शिरोलीच्या एका कारखान्यानं हेडमिस्त्री म्हणून बोलावलं होतं. ते गेले नाहीत. म्हणाले, हाताचा भरवसा राहिला नाही. उदगावला घरी बसले. गावात कुणी कोयता शेवटायला, धार लावून घ्यायला आणला तरी परत पाठवायचे. मी दिवाळीला फराळ पाठवायची. दर वेळी ठरवायची की आपण स्वतः जायचं आणि सांगायचं. दर वेळी ड्रायव्हरच जायचा.

गेल्या वैशाखात त्यांच्या नातीचं लग्न झालं. स्वतः येऊन पत्रिका दिली, तेव्हा जाणं भाग पडलं. मी गाडीत बसताना मनाशी पक्कं केलं होतं. आज त्यांना बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. माझं वय झालं, त्यांचं झालं.

मांडवात मला बघितल्यावर ते काठी टेकत आले, मला हाताला धरून नवऱ्यामुलाकडच्या माणसांत घेऊन गेले. पाचपन्नास माणसं बसलेली. मी म्हणत होते, मामा, जरा इकडं या, तुमच्याशी बोलायचंय. त्यांना ऐकायला कमी येत होतं.

"ह्या माझ्या मालकीनबाई," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्या एका चुकीनं ह्यांचा कारखाना गेला बगा. पर आजपतूर कधी एका सबदानं बोलल्या न्हाईत. असं मानूस मिळत न्हाई."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. कुणीतरी उठून मला खुर्ची दिली. नवऱ्यामुलानं आणि मुलीनं येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी त्यांना आशीर्वाद दिला आणि पंगत बसायच्या आधी निघून आले.